जुन्या पिकअपच्या हौद्याला नव्या फळ्या बसवताय? या चुका टाळा

जुलैचा दुसरा आठवडा होता. चार दिवस पाऊस थांबलेला नव्हता आणि आमच्या १९५१ च्या शेवरले पिकअपचा मागचा फाळका लागेना. कडी जागेवर येत नव्हती. वाकून पाहिलं तर हौद्याच्या दोन्ही बाजूंचे पत्रे खालच्या अंगाला बाहेर ढकलले गेले होते. फेब्रुवारीत मी आणि धाकट्या भावानं मिळून आठ नव्या सागवानी फळ्या बसवल्या होत्या, इतक्या घट्ट की मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं. त्या घट्टपणाचे आम्ही फोटोसुद्धा काढले होते.

गाडी भांडुपच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये असते. शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्सनं १९२८ पासून १९५४ पर्यंत गाड्या जोडल्या, त्यातलीच ही, असं आम्ही सगळ्यांना ठासून सांगतो. कागद काही नाही.

घरचं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांना शेडमध्ये आणलं. त्यांनी हौद्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुमच्या न्हाणीघराचं दार पावसात लागतं का रे?"

"खांद्यानं ढकलावं लागतं, काका."

"मग हौद्याचा पत्रा दुसरं काय करतोय?"

फट न ठेवणं

बाकीच्या चुका पैसे किंवा वेळ खातात, ही चूक गाडीच्या पत्र्यावर उठते. म्हणून हिशेब नीट समजून घ्या.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत फरक नगण्य, रुंदीत मात्र चांगलाच. साधी चिरलेली सागवानी फळी पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकीपर्यंत रुंदीत साधारण ५.८ टक्के आकसते. हे आकसणं लाकडातला ओलावा तीस टक्क्यांच्या खाली आला की सुरू होतं, म्हणजे ओलाव्याच्या दर एक टक्क्याला सुमारे ०.१९ टक्का रुंदी. मुंबईत थंडीच्या कोरड्या दिवसांत उघड्या शेडमधलं लाकूड दहा-बारा टक्क्यांवर येतं, भर पावसात सोळा-अठरावर जातं. फरक सहा टक्क्यांचा धरा. सव्वासहा इंची फळी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास फुगते. आमचा हौदा पन्नास इंच रुंद, म्हणजे आठ फळ्या मिळून जवळपास दीड सेंटीमीटर. तेवढं लाकूड कुठंतरी जाणारच. आमच्याकडे ते पत्र्यावर गेलं.

या गाड्यांची रचना मुळात हालचाल धरून केलेली आहे. फळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. दोन फळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्टी येते, पट्टीच्या दोन्ही कडा फळ्यांच्या काठावर कोरलेल्या पायरीवर, म्हणजे रिबेटवर, बसतात आणि बोल्ट मधल्या सांध्यातून खाली हौद्याला पेलणाऱ्या आडव्या टेकूत, म्हणजे क्रॉसमध्ये, जातो. फळी पट्टीखाली सरकायला मोकळी असते आणि फट पट्टीच्या आड लपते. तरीही आम्ही ती बुजवलीच, कारण फट दिसली की आपल्याला काम कच्चं वाटतं.

किती ठेवायची ते कोणत्या महिन्यात काम करताय त्यावर ठरवा. डिसेंबर ते फेब्रुवारीत सुक्या सागाच्या फळ्या बसवत असाल तर दर सांध्याला दोन मिलिमीटर. पावसाळ्यात, फळी आधीच फुगलेली असताना, अर्धा मिलिमीटर पुरतो, पण थंडीत ती आकसली तरी तिची कड पट्टीखालून बाहेर येणार नाही एवढी रिबेट खोल हवी. दोन्ही टोकांना, बाजूच्या अँगलपाशी, फट थोडी जास्तच ठेवा. बोल्टसाठी फळीच्या कडेला अर्धगोल खाच काढतो, तीही बोल्टला घट्ट नको. आम्ही फट ठेवली नव्हती ती नव्हतीच, वर खाचाही मापात कोरल्या होत्या. त्यामुळे फळी पट्टीखाली सरकण्याऐवजी थेट बोल्टलाच रेटत होती.

ओकच्या फळ्या मागवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत अशा हौद्यांना पाइन आणि ओक दोन्ही लावतात. पण व्हाइट ओक रुंदीत साडेदहा टक्क्यांपर्यंत आकसतो, सागाच्या जवळपास दुप्पट. आपल्या हवेत साग सोडून ओकच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही.

वखारीतून आणलं की लगेच कापणं

रे रोडला, लाकडा बंदराच्या बाजूच्या वखारींत, "एकदम सुकं आहे साहेब" हे वाक्य ओल्या लाकडालाही लागू असतं. मॉइश्चर मीटरच्या सुया फळीच्या मधोमध, शक्य तर ताज्या कापलेल्या तोंडावर टोचून बघा. टोकाचं लाकूड आधी सुकतं, तिथला आकडा फसवतो. विसाच्या वर असेल तर ते लाकूड महिनाभर तरी शेडमध्ये, मध्ये बारीक पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचून ठेवा. आम्ही आणल्याच्या तिसऱ्या दिवशी रंधा मारला होता.

लागवड करून वाढवलेल्या नव्या सागात कडेचं पांढरं लाकूड बरंच निघतं. तो भाग टिकाऊ नसतो, भुंगा आणि बुरशी तिथूनच सुरुवात करतात. फळी स्वस्त मिळाली तर आधी तिची कड बघा.

माझं मत विचाराल तर पाडलेल्या चाळींतून निघालेला जुना बर्मा टीक घ्या. तुळया आणि वासे साठ-सत्तर वर्षं छपराखाली मुरलेले असतात, त्यामुळे ते नंतर पीळ धरत नाहीत. मात्र चिरायला देण्याआधी त्यांच्यावरून चुंबक फिरवा. चाळीच्या वाशात कुणी पाळणा टांगलेला असतो, कुणी दिवाळीचा कंदील. मोडके खिळे आत राहिलेले असतात. एक खिळा प्लेनरच्या पात्यात गेला की गिरणीवाला पात्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतो, आणि ते बरोबरच आहे.

फळी उलटी बसवणं

फळीच्या टोकाकडून पाहिलं की वर्षवलयांच्या रेषा दिसतात. सुकी फळी बसवत असाल तर त्या रेषा कमानीसारख्या दिसतील अशी ठेवा, म्हणजे झाडाच्या सालीकडची बाजू वर येईल. ओलावा घेतल्यावर फळी मध्ये किंचित उचलते आणि पाणी कडेला उतरतं. उलटी बसवली तर मध्ये पन्हळ होतं आणि पाणी साचतं. याउलट सल्ला देणारे सुतार भेटतील, पण ते सहसा ओलं लाकूड वापरणारे असतात आणि त्यांच्यापुरतं तेही बरोबर आहे, कारण ओली फळी सुकताना नेमकी उलटी वाकते. रेषा उभ्या असतील, म्हणजे फळी त्रिज्येच्या दिशेनं चिरलेली असेल, तर हा वादच उरत नाही. ती फुगतेही निम्म्याहून कमी.

आठ मिलिमीटर आणि अडीच सूत एकच समजणं

नागदेवी स्ट्रीटला बोल्ट घ्यायला गेलो तेव्हा जुना नट बरोबर नेला नव्हता. पट्ट्यांचे कॅरेज बोल्ट (गोल डोक्याखाली चौकोनी मान असलेले) मूळचे ५/१६ इंची, आपल्या बाजारभाषेत अडीच सूत, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. दुकानदारानं आठ मिलिमीटरचे दिले आणि ते पट्टीच्या चौकोनी भोकात जरा कानस मारल्यावर बसलेही. भावानं मात्र जुने नट साफ करून ठेवले होते. नट दोन-तीन आटे छान फिरला आणि अडकला. जुन्या बोल्टला इंचाला अठरा आटे, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिलिमीटर अंतर. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला हे अंतर १.२५. पाना मारून पुढं नेलं तर दोन्ही आटे खराब होतात. एक तर सगळंच मेट्रिक घ्या, नाहीतर सगळंच सुतातलं.

स्टीलचे, म्हणजे स्टेनलेसचे बोल्ट घ्यायचे असतील तर आट्यांना अँटीसीझ ग्रीस लावा आणि हातानं आवळा. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट मशीननं भरभर फिरवला की तो मध्येच जाम होतो आणि मग कापूनच काढावा लागतो.

आधी फळ्या, मग चासी

हौदा चासीला धरणारे मोठे बोल्ट काही फळ्यांच्या आरपार जातात. फळ्या पक्क्या केल्यावर ती भोकं आठवली तर खालून मापं घेत आडवं पडायची वेळ येते. आधी सगळ्या फळ्या आणि पट्ट्या ढिल्या मांडा, चासीची भोकं खुणा करून घ्या, हौद्याचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर फाळका कधीच सरळ लागणार नाही. मधल्या फळीपासून सुरुवात करून कडेला जा. आणि जुन्या फळ्या कितीही कुजलेल्या असल्या तरी काम संपेपर्यंत टाकू नका, भोकांचं माप त्यांच्यावरच आहे.

चकाकीच्या मागे लागणं

फळीच्या वरच्या बाजूला तीन हात पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश, आणि खालची बाजू कोरी, हे सगळीकडे दिसतं. मग खालून ओलावा आत येतो आणि वरचा थर फुगून सुटतो. फिनिश सहाही बाजूंना द्या, टोकांना दोन हात जास्त, आणि भोकं पाडून झाल्यावर भोकांच्या आतही. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून पीयूच्या आधी थिनरच्या फडक्यानं पुसा, नाहीतर थर धरत नाही. गाडी उन्हापावसात उभी राहणार असेल तर पीयूपेक्षा बोटीला लावतात ते लवचिक मरीन व्हार्निश किंवा साधं बॉइल्ड जवस तेल बरं, कारण दरवर्षी खरवडल्याशिवाय नवा हात देता येतो.

ट्रकवाल्यांची जळकं ऑइल फासायची पद्धत इथं नको. ते कधी सुकत नाही, कपड्यांना लागतं आणि पुढं कुठलाही रंग धरू देत नाही. फटीत सिलिकॉन तर भरूच नका. फुगण्याची जागा जाते आणि पट्टीखाली शिरलेलं पाणी अडकून राहतं.

बसवून झाल्यावर

थंडीत फळ्या खडखडू लागल्या तर घाबरू नका, त्या जाडीतही थोड्या आकसतात. नट पाव फेरा आवळा, बस. जोर लावून आवळले तर पावसात फुगलेल्या लाकडात पट्टीची कड रुतते आणि ती खूण कायमची राहते. बोल्टभोवती काळा डाग दिसला तर लोखंड आणि ओलं लाकूड एकमेकांना थेट लागलंय असं समजा. बोल्ट काढून भोक सुकवा, आत फिनिश द्या, पट्टीच्या खालच्या बाजूलाही रंग मारा. करकर आवाज बहुतेक वेळा क्रॉस आणि चासीच्या मधल्या पट्ट्यांतून येतो, तिथलं रबर किंवा लाकडी ठोकळा बघा.

आमच्या हौद्याचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये आठही फळ्या काढल्या, प्रत्येकीच्या एका कडेला काकांनी रंधा मारला, खाचा मोकळ्या केल्या आणि पुन्हा बसवल्या. त्यानंतर फाळका लागतो. त्याच संध्याकाळी जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी मी चुरगळून कोपऱ्यात टाकली होती, काकांनी ती उचलून पाण्याच्या बादलीत बुडवली. तेल सुकताना गरम होतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. पत्र्याच्या शेडमध्ये, भोवती सागाचा भुसा पडलेला असताना, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.