टोकियोत एक दिवस गाईडसोबत फिरायचंय? बुकिंग करायच्या आधी हे वाचा

टोकियोला पहिल्यांदाच जाताय आणि हातात चार-पाच दिवस आहेत, तर त्यातला पहिला पूर्ण दिवस गाईडेड टूरला द्या. बरेच जण उलटं करतात, आधी स्वतः फिरतात आणि उरलेला शेवटचा दिवस टूरला ठेवतात, मग जे पहिल्याच दिवशी कळलं असतं ते निघायच्या आदल्या दिवशी कळतं. चांगला गाईड नुसती देवळं आणि टॉवर दाखवत नाही, तिकीट गेटवर कार्ड कसं टेकवायचं, एस्कलेटरवर कुठल्या बाजूला उभं राहायचं (टोकियोत डावीकडे, ओसाकात उजवीकडे), रस्त्यावर कचरापेटी दिसत नाही तर कचऱ्याचं काय करायचं, असल्या बारीक गोष्टी चालता चालता सांगून जातो आणि पुढचे सगळे दिवस त्यावर निघतात. माझं तर स्पष्ट मत आहे की टूरचे पैसे ठिकाणांचे नसतात, गाईडचे असतात. कारण मोठी ठिकाणं बहुतेक फुकटच आहेत, सेन्सोजी मंदिर, मेईजी जिंगू, शिबुयाचं क्रॉसिंग, इम्पीरियल पॅलेसचं ईस्ट गार्डन, कुठेच तिकीट नाही. म्हणून टूर निवडताना ठिकाणांची यादी किती लांब आहे ते बघू नका, माणूस कोण भेटणार आणि तो किती वेळ देणार ते बघा.

ढोबळमानाने तीन पर्याय आहेत. पहिला बस टूर. हातो बस ही यातली सगळ्यात जुनी आणि ओळखीची कंपनी, १९४८ पासून चालू आहे, पिवळ्या बसेस, टोकियो स्टेशनच्या मारुनोउची बाजूने सुटतात. इंग्रजी गाईडवाल्या टूर्स आहेत आणि जपानी टूर्सही आहेत, जपानी टूर बऱ्याचदा स्वस्त पडते पण भाषा येत नसेल तर त्यात अर्धी मजा जाते. आई-बाबा सोबत असतील, गुडघे दुखत असतील, लहान मुलं असतील तर डोळे झाकून बस घ्या. दुसरा पर्याय म्हणजे चालत आणि ट्रेनने नेणारा गाईड, ग्रुपमधे किंवा फक्त तुमच्यासाठी. पाय धड असतील तर मला हाच सगळ्यात आवडतो, कारण टोकियो हे ट्रेनचं शहर आहे, बसच्या खिडकीतून ते अर्धवटच कळतं आणि ट्रॅफिकमधे अडकायचा प्रश्नही नाही. तिसरा पर्याय व्हॉलंटियर गाईडचा, जो आपल्याकडच्या फार कमी लोकांना माहीत असतो. निवृत्त झालेली मंडळी, कॉलेजची मुलं, भाषेचा सराव व्हावा आणि आपलं शहर पाहुण्यांना दाखवावं म्हणून हे करतात, फी नसते, पण गाईडचा दिवसभराचा प्रवासखर्च, तिकिटं आणि जेवण तुम्ही द्यायचं असतं. यासाठी निदान दोन आठवडे आधी विनंती पाठवा, आणि नक्की मिळेलच असं धरून चालू नका.

पैसे देऊन खाजगी गाईड घेताय तर एक गोष्ट माहीत असू द्या. पूर्वी परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन त्यांच्या भाषेत फिरवायचं तर सरकारी परीक्षा पास करून लायसन्स घ्यावंच लागायचं, जानेवारी २०१८ पासून ती सक्ती गेली. म्हणजे आता लायसन्स नसलेले पण गाईड म्हणून काम करू शकतात आणि त्यातले काही उत्तम असतात, पण परीक्षेत इतिहास, भूगोल, संस्कृती सगळं येतं, त्यामुळे इतिहासाची आवड असेल तर लायसन्स आहे का हे सरळ विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कार्यक्रम वाचायचा कसा. टूरच्या पानावर आठ-नऊ नावं दिसली की माणूस खूश होतो. पण जरा हिशोब करा. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे आठ तास, त्यातला एक तास जेवणाचा, दोन-अडीच तास रस्त्यात, बाकी उरले पाच. पाच तासात नऊ ठिकाणं म्हणजे एकेकाला अर्धा तास, त्यात बसमधून उतरणं, चढणं, टॉयलेट, सगळं आलं. जपानी टूर्सच्या माहितीत प्रत्येक नावापुढे आत जाणार, नुसतं उतरणार की बसमधूनच बघणार हे वेगवेगळं दिलेलं असतं, इंग्रजी पानांवर ते कधीकधी वाक्यात दडलेलं असतं, म्हणजे नुसतं समोरून जाणार असं लिहिलं असेल तर बस तिथे थांबतच नाही. तेव्हा पेन घेऊन बसा आणि उतरणार तेवढ्याच ठिकाणांवर खुणा करा. तीन-चार खुणा आल्या आणि एकेका ठिकाणी तासभर असेल तर ती टूर चांगली. वारही बघा, इम्पीरियल पॅलेसचं ईस्ट गार्डन साधारण सोमवारी आणि शुक्रवारी बंद असतं, बरीच म्युझियम्स सोमवारी बंद आणि सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारी. २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक (जपानमधल्या सुट्ट्यांचा आठवडा) शक्यतो टाळाच. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात उंचावरून शहर बघायचं ठिकाण शेवटी असलेली टूर घेतली तर उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात. पावसासाठी टूर सहसा रद्द होत नाही. कॅन्सलेशनचे नियम बुकिंगच्या वेळीच वाचा, दिवस जवळ येईल तशी फी वाढत जाते आणि न सांगता गेलाच नाहीत तर पूर्ण पैसे जातात.

टोकियो स्टेशनवरून निघणार असाल तर आदल्या दिवशी जागा बघून या, मी हे अगदी मनापासून सांगतेय. स्टेशनला दोन तोंडं आहेत, पॅलेसच्या बाजूला मारुनोउची, जिथे १९१४ ची लाल विटांची इमारत आहे, आणि पलीकडे याएसू. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर परत येण्यात वेळ जातो, आणि केइयो लाईनने येत असाल तर तो प्लॅटफॉर्म इतका लांब आहे की बाहेर यायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात. सकाळी साडेसात ते नऊ ट्रेनला प्रचंड गर्दी असते. बस वेळेवर सुटते, पाच मिनिटं थांबा म्हणून फोन करून उपयोग नाही, म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा.

बहुतेक टूर आसाकुसाला, म्हणजे सेन्सोजी मंदिराच्या भागात, जातेच, आणि तिथे गाईडचा खरा उपयोग होतो. कामिनारिमोन दरवाजातला लाल कंदील सगळे समोरून फोटो काढून पुढे जातात, तुम्ही त्याच्या बरोबर खाली उभं राहून मान वर करा, तळाशी लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे. कंदील ३.९ मीटर उंच आणि जवळपास ७०० किलोचा आहे, आणि वादळात तो दुमडून वर घेतात. मग नाकामिसे ही अडीचशे मीटरची दुकानांची गल्ली, खायचं घेतलंत तर दुकानासमोरच उभं राहून खा, चालत खाऊ नका. पुढे होझोमोन दरवाजा ओलांडला की लगेच मागे वळा, दरवाजाच्या मागच्या बाजूला साडेचार मीटर लांब गवताच्या चपला टांगलेल्या आहेत आणि गर्दी सरळ पुढे बघत जाते म्हणून त्या बऱ्याच जणांना दिसतच नाहीत. देवळासमोर मोठ्या धूपपात्राभोवती लोक धूर हाताने अंगावर घेत असतात, जिथे दुखतं तिथे तो धूर लावायचा अशी श्रद्धा, माझ्यासमोर एक आजी नातवाच्या डोक्यावर ओंजळीने धूर सोडत होत्या, बहुधा परीक्षा असावी. देऊळ इसवी सन ६४५ चं म्हणतात, पण आत्ताची मुख्य इमारत १९५८ ची, आधीची १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. हे गाईडला विचारा, शहर कसं जळालं आणि परत कसं उभं राहिलं यावर तिथले लोक बोलायला लागले की ते ऐकण्यासारखं असतं.

तिथेच ओमिकुजी, म्हणजे भविष्याची चिठ्ठी, काढून बघा. १०० येन टाकायचे, धातूचा डबा हलवायचा, छोट्या भोकातून एक काडी बाहेर येते, तिच्यावरचा आकडा जपानीत असतो, तो समोरच्या खणांवर शोधायचा आणि त्या खणातला एक कागद घ्यायचा, काडी परत डब्यात. कागदावर इंग्रजीतही लिहिलेलं असतं. सेन्सोजीत वाईट भविष्य निघायचं प्रमाण बऱ्यापैकी जास्त आहे, त्यामुळे मन खट्टू करून घेऊ नका, तसला कागद तिथल्याच तारांना बांधून यायचं.

मेईजी जिंगूला रीत वेगळी, कारण ते शिंतो देवस्थान आहे. आधी पाण्याच्या जागी पळीने डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ, पळी तोंडाला लावायची नाही. मग देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. सेन्सोजी बौद्ध आहे, तिथे टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. आणि मेईजी जिंगूची झाडी बघून जुनं जंगल वाटतं ना, ते माणसांनी लावलंय, देवस्थान १९२० चं, देशभरातून लोकांनी दिलेली जवळजवळ एक लाख झाडं, आणि ती अशी निवडून लावली की पुढे जंगलाने आपलं आपण वाढावं. रस्त्यावरची पानं झाडणारे लोक ती पानं फेकत नाहीत, परत झाडांखालीच टाकतात. रस्ता खडीचा आहे, व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर ढकलायला जड जातं हे आधीच सांगून ठेवते.

टूरमधे आसाकुसाहून हामारिक्यू बागेपर्यंत बोट असेल तर ती टूर घ्याच. पस्तीस-चाळीस मिनिटं सुमिदा नदीतून पुलांखालून जाता, पायांना आराम मिळतो, आणि उतरता थेट बागेत, जिथल्या तळ्यात समुद्राचं पाणी भरती-ओहोटीप्रमाणे आत-बाहेर सोडतात.

जेवणाचं मात्र नीट बघा. शाकाहारी असाल तर नुसतं व्हेजिटेरियन लिहून भागत नाही, कारण सूप, सॉस, भाजी, नूडल्स सगळ्याच्या बुडाशी दाशी (जपानी स्वयंपाकातलं चवीचं पाणी) असतो आणि तो बऱ्याचदा वाळवलेल्या माशाचा असतो, वरून दिसत नाही. बुकिंग करतानाच मांस, मासे, माशाचा दाशी, अंडी, यातलं काय काय चालत नाही ते एकेक लिहून पाठवा, आणि तेच जपानीत लिहून फोनमधे ठेवा. ग्रुप टूरमधे ठरलेलं जेवण असेल आणि बदल होणार नाही म्हणाले तर जेवण नसलेली टूर घ्या, सकाळीच कन्व्हिनियन्स स्टोअरमधून काहीतरी सोबत घ्या. ओनिगिरीत (भाताचे गोळे) उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोम्बूवाली (समुद्री शेवाळ) बघा, पण त्यातही कधी माशाचा अर्क असतो, तेव्हा पाकिटावर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचायचं.

सोबत एक छोटी पिशवी कचऱ्यासाठी, थोडी रोख रक्कम (देवळात आणि छोट्या दुकानात लागते), सुइका किंवा पास्मो कार्ड (ट्रेनच्या गेटवर टेकवायचं ते), आणि चटकन काढता येतील असे बूट, एवढं पुरे. मोठी बॅग हॉटेलवर ठेवा, स्टेशनवरचे लॉकर सकाळीच भरून जातात.

गाईडशी वागताना आडनावानंतर सान (आपल्या 'जी'सारखं) लावून हाक मारा. टीप देऊ नका, संकोचतात, त्यापेक्षा आपल्याकडचं छोटंसं काही खाऊ दिलंत तर मनापासून आनंद होतो. परत यायची वेळ सांगितली की ती पाळा, बसला उभं राहायला जागा ठराविक मिनिटांचीच असते, एक माणूस उशीर करतो तेव्हा पुढच्या ठिकाणचा वेळ सगळ्यांचा कापला जातो. आणि प्रश्न विचारा हो! ग्रुपमधे कोणीच काही विचारत नाही असं झालं की गाईड पाठ केलेलं सांगून मोकळा होतो, तुम्ही शाळा, घरभाडं, भूकंप असलं काही विचारलंत की तोच माणूस रंगून बोलायला लागतो. दुपारच्या सुमाराला त्याला हेही विचारून घ्या की उद्या आम्ही स्वतः फिरणार आहोत, तुम्ही असता तर कुठे गेला असता, आणि उत्तर नकाशावर खूण करून घ्या.

टूर कुठे संपते ते बुकिंगमधेच बघा, काही टूर्स निघाल्या तिथेच परत आणतात आणि काही गिन्झा किंवा शिंजुकूला सोडतात. निवड असेल तर शिंजुकू घ्या, तिथे टोकियो सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, फुकट गॅलरी आहे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून संध्याकाळी इमारतीच्या भिंतीवर प्रोजेक्शनचा शोही असतो. वर जायची लिफ्ट पहिल्या मजल्यावरून (जपानमधे तळमजल्यालाच पहिला म्हणतात) आहे, आधी बॅग तपासतात, रांग असते, आणि बंद व्हायच्या अर्धा तास आधी वर सोडणं थांबवतात, त्यामुळे जेवायच्या आधी जाऊन या.