घर घेताय? फोन फिरवणारा माणूस अप्रेझर नसतो बरं

हल्ली अमेरिकेत नवीन आलेल्या मंडळींचा दर महिन्याला एक तरी मेसेज येतो, "दादा, अप्रेझल वेव्हर मिळाला, पाच-सहाशे डॉलर वाचले, म्हणजे घर बरोबर किमतीत मिळतंय ना?" नाही हो, तसं काही नाही. अप्रेझल म्हणजे बँकेसाठी लायसन्सवाल्या माणसाने, म्हणजे अप्रेझरने, घराची किंमत ठरवणं, आणि वेव्हर म्हणजे त्यातून सूट. न्यू जर्सीत एडिसनला अठरा वर्षं झाली, दोन घरं घेतली, एक विकलं, तेवढ्या जोरावर लिहितोय, मी काही एजंट नाही.

आधी हे वेव्हर प्रकरण. बँका आपलं लोन बहुतेकदा फॅनी मे नाहीतर फ्रेडी मॅक या घरकर्जं विकत घेणाऱ्या मोठ्या संस्थांना विकतात, म्हणून नियम त्यांचे चालतात. त्यांच्या सिस्टीममध्ये जुन्या अप्रेझल्सचा आणि विक्रीचा प्रचंड डेटा आहे, बँक तुमचा आकडा टाकते आणि सिस्टीम सांगते चालेल, माणूस पाठवायची गरज नाही. फॅनी मे ने २०२३ पासून याला नावच 'व्हॅल्यू अ‍ॅक्सेप्टन्स' दिलंय. नाव नीट वाचा, सिस्टीमने किंमत काढून तुमच्या हातात दिलेली नाही, तुम्ही कबूल केलेली किंमत लोनच्या रिस्कला चालतेय एवढंच म्हटलंय. तुम्ही पन्नास हजार जास्त मोजताय का याची काळजी तिला कशाला असेल? आधी हे खरेदीत घराच्या किमतीच्या ८० टक्के लोनपर्यंतच होतं, २०२५ पासून ९० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि कोणीतरी येऊन घराची माहिती गोळा करणार असेल तर ९७ पर्यंत.

हा 'कोणीतरी' म्हणजे प्रॉपर्टी डेटा कलेक्टर. त्याला ट्रेनिंग असतं, बॅकग्राउंड चेक असतो, पण अप्रेझरचं लायसन्स असायलाच हवं असं नाही. गंमत बघा, घरकर्जं देणाऱ्या सेव्हिंग्ज अँड लोनवाल्या संस्था धडाधड बुडाल्या तेव्हा १९८९ च्या कायद्याने अप्रेझरला लायसन्स आणलं, आणि आता घरात पाऊल टाकणारा माणूस पुन्हा बिनलायसन्सचा.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आधीच्या घराच्या रिफायनान्सला, म्हणजे जुनं लोन फेडून नवं घेताना, एक म्हातारे अप्रेझर आले होते, पावसात टेप धरून घराभोवती फिरले, बायकोने चहा विचारला तर नको म्हणाले, फर्नेस किती जुना, छत कधी बदललं सगळं विचारलं, गेले तेव्हा दारात चिखल. मागच्या वर्षी एक पोरगा आला, फोन समोर धरून खोली-खोलीत गोल फिरला, फोननेच नकाशा काढला, वीस मिनिटांत बाहेर. मी विचारलं व्हॅल्यू किती येईल, तर म्हणाला, "मला काय माहीत, मी इन्शुरन्सच्या पाहण्या करतो, हे जोडधंदा म्हणून." रिपोर्टवर सही दुसऱ्याच अप्रेझरची, जो घरी आलाच नाही. याला हायब्रिड म्हणतात. आणि त्या रिपोर्टमध्ये बेसमेंटमधली माझी ऑफिसची खोली चौथी बेडरूम झालेली! लोन ऑफिसरला मेल टाकून दुरुस्त करून घेतली, दोन आठवडे गेले.

बेसमेंटवरून आठवलं, कितीही टाइल्स लावून सजवलं तरी जमिनीखालचा भाग इथे राहत्या क्षेत्रफळात धरत नाहीत. लिस्टिंगवाले बिनधास्त धरतात. आपल्याकडे बिल्टअप आणि कार्पेट एरियात फसवायचे ना, तसंच समजा.

रिपोर्ट झाला असेल तर त्याची कॉपी क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा व्हायच्या, किमान ३ कामाचे दिवस आधी मिळणं हा तुमचा हक्क आहे, मागून घ्या, बेडरूम, बाथरूम, स्क्वेअर फूट स्वतः मोजा. आकडा कमी वाटला तर 'रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू', म्हणजे किमतीचा फेरविचार, मागता येतो, एकदाच, जास्तीत जास्त ५ विकलेल्या घरांचे दाखले देऊन. ऑनलाइन साइटवरचा अंदाज दाखला म्हणून चालत नाही. झिलो ही घरांची साइट स्वतःच्या गणितावर घरं विकत घ्यायला गेली आणि २०२१ मध्ये तो धंदा बंद करावा लागला, तेव्हा त्या आकड्यावर भांडू नका.

आणि एक घोळ फार जण करतात. बँक देते तो वेव्हर वेगळा आणि ऑफर जिंकायला एजंट म्हणतो "अप्रेझल कंटिंजन्सी वेव्ह करू", म्हणजे व्हॅल्यू कमी आली तर सौदा सोडायची अट काढून टाकू, ते वेगळं. दुसऱ्यात व्हॅल्यू कमी आली तर वरचे पैसे तुमच्या खिशातून, रोख. आणि होम इन्स्पेक्शन यातल्या कशातच येत नाही, त्याला न्यू जर्सीत लायसन्सवाला इन्स्पेक्टर असतो, तो तुमच्या पैशाने तुमच्यासाठी येतो. तो कधीच सोडू नका. सोबत रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) टेस्ट आणि जुनं घर असेल तर जमिनीत पुरलेली, घर गरम करायच्या तेलाची टाकी शोधणारा माणूस, ती गळत असली तर निस्तरताना नाकी नऊ येतात.

आमच्या एका मित्राचं घर मेट्रोपार्क रेल्वे स्टेशनजवळ रुळांच्या मागे, वेव्हर मिळाला म्हणून खूष होता, पहिल्या रात्री गाडी गेली तेव्हा कपाटातली स्टीलची भांडी वाजली. डेटात घर तेच, गल्ली तीच, आवाज कुठेच नाही. ऑफर टाकायच्या आधी एकदा रात्री दहाला तिथे गाडी लावून काच खाली करून अर्धा तास बसा.