ग्रिमस्पाउंडच्या भिंतीचं आरेखन करताना मी कुठे चुकले

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्तर जोर्वे (म्हणजे ताम्रपाषाण काळाच्या अखेरच्या) थरातल्या गोल झोपड्या आपण पुरातत्त्वाच्या वर्गात शिकलेल्या असतात. खांबांचे खळगे, चुलीची जागा, राख. तेवढ्या शिदोरीवर मी इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर गेले. ग्रिमस्पाउंडला मात्र काहीच शोधावं लागत नाही. साधारण 450 मीटर उंचीवर, ग्रॅनाइटच्या मोठ्या गडग्याच्या आत, कांस्ययुगातल्या 24 गोल घरांचे पाये उघड्यावर आहेत. सगळं समोर दिसतं, म्हणूनच फसगत होते.

मी एका घराची भिंत दिवसभर खपून कागदावर काढली आणि सगळे दगड ‘मूळ’ म्हणून दाखवले. 1894 साली सबीन बेअरिंग-गूल्ड, रॉबर्ट बर्नार्ड वगैरे मंडळींनी इथे उत्खनन केलं, ते मला ठाऊक होतं. त्यांनी पडझड झालेल्या काही भिंती पुन्हा रचल्या, हे मी वाचलंच नव्हतं. माझं अख्खं आरेखन बाद झालं. त्या रात्री परत निघून जावंसं वाटलं होतं.

दगडफूल बघून जुनं-नवं ठरवू नका. सव्वाशे वर्षांत पुन्हा लावलेल्या दगडांवरही ते दाट चढतं. गुडघे टेकून बूड बघा: दगड मातीत घट्ट रुतलाय, की खाली फट आहे आणि बारीक चिपा ठोकून बसवलाय? रुतलेला दगडसुद्धा 1894च्या अहवालाशी ताडून बघा. तो अहवाल डेव्हनशायर असोसिएशन या अभ्याससंस्थेच्या नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या अंकात आहे. आधी तो वाचा, मग मोजायची टेप उघडा. दगड हलवून मात्र बघायचा नाही, जागा संरक्षित आहे.

ड्रोनचे फोटो हाताच्या आरेखनाऐवजी नकोत, हे माझं ठाम मत. फोटोत बूड दिसत नाही. आणि मार्गदर्शक निवडताना तुमच्याबरोबर चिखलात बसणारा निवडा. मला तशा बाई दुसऱ्या वर्षी भेटल्या.

हाडं मिळाली नाहीत म्हणून खचू नका. तिथली माती आम्लधर्मी आहे, हाड टिकतच नाही. इनामगावची सवय असलेल्याला पहिले काही दिवस फार रितं वाटतं. मग दाराचा दगड, चुलीचा खड्डा, भिंतीचा वळसा यांवरून घर वाचता येऊ लागतं. येतंच.

माझ्या नव्या आराखड्यात शंकेचे दगड तुटक रेषेत आहेत. पावसात कागद लगदा होतो, म्हणून प्लास्टिकची ड्रॉइंग फिल्म आणि कडक शिशाची पेन्सिल न्या.