संकेतस्थळाची सुगम्यता कशी तपासावी

दिव्यांग व्यक्तींना संकेतस्थळ वापरता येते की नाही, हे तपासायला बसलेला माणूस बहुधा मुख्य पान उघडतो, एखादे स्वयंचलित साधन चालवतो आणि त्याने दाखवलेल्या चुकांची यादी पुढे पाठवून देतो. हा मार्ग सोपा असला तरी त्यातून मूळ प्रश्न सुटत नाही, कारण वापरणारा माणूस पान पाहायला आलेला नसतो. त्याला तिकीट काढायचे असते, अर्ज भरायचा असतो किंवा विसरलेला पासवर्ड बदलायचा असतो. म्हणून चाचणीचे एकक काम हे धरावे. त्या संकेतस्थळावर लोक प्रामुख्याने कोणती कामे करतात ती आधी लिहून काढावी आणि प्रत्येक काम पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत ज्या पडद्यांतून जाते, ते सर्व पडदे तपासणीत घ्यावेत. त्यात लॉगिन, शोध, उघडलेला मेनू, माहिती चुकल्यावर येणारा संदेश आणि शेवटी हाती पडणारी पीडीएफ पावती हेही आले. पीडीएफ तर हमखास विसरली जाते.

कसोटी म्हणून वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे वापरावीत, जी डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखली जातात. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्त्वांचे ए, एए आणि एएए असे तीन स्तर आहेत. सर्वसाधारण संकेतस्थळासाठी एए स्तर गाठणे हे व्यवहार्य उद्दिष्ट मानले जाते.

कीबोर्डपासून सुरुवात

पहिली चाचणी माउस बाजूला ठेवून करावी. तिला कोणतेही साधन लागत नाही आणि माझ्या मते तेवढ्याच वेळात इतकी माहिती देणारी दुसरी चाचणी नाही. टॅब कळ दाबत पुढे जावे, शिफ्ट आणि टॅब एकत्र दाबून मागे यावे, दुवे एंटरने उघडावेत, बटणे एंटर किंवा स्पेसबारने चालवावीत, आणि पर्यायांच्या गटात बाणांच्या कळांनी फिरावे. मॅकवर सफारी वापरत असाल तर टॅबने दुव्यांवर जाण्याची सोय आधी सेटिंगमध्ये सुरू करून घ्यावी, नाहीतर ब्राउझरच्या मर्यादेचा दोष संकेतस्थळाच्या माथी मारला जाईल.

या फेरीत एकच प्रश्न सतत मनात ठेवावा: आपण आत्ता कुठे आहोत हे दिसते आहे का? पुष्कळ ठिकाणी फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता कोणत्या घटकावर आहे ती जागा, दाखवणारी चौकट केवळ ती देखणी वाटत नाही म्हणून काढून टाकलेली असते, आणि मग हाताच्या थरथरीमुळे माउस वापरू न शकणाऱ्या डोळस माणसाला चाचपडत बसावे लागते. वर चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली फोकस पूर्णपणे झाकला जाणे हाही २.२ आवृत्तीनुसार दोष आहे. फोकसचा क्रम वाचनाच्या क्रमाशी जुळतो का, माउस नेल्यावरच उघडणारे मेनू कीबोर्डने उघडतात का आणि तारीख निवडण्याच्या छोट्या कॅलेंडरमध्ये शिरता व बाहेर पडता येते का, हे पाहावे. पानावर उघडणारी छोटी खिडकी म्हणजे संवाद-चौकट उघडली की फोकस तिच्यात गेला पाहिजे, ती एस्केप कळेने बंद झाली पाहिजे, आणि बंद झाल्यावर फोकस जिथून निघाला होता तिथेच परतला पाहिजे. एखाद्या घटकात शिरल्यावर कीबोर्डने बाहेरच पडता येत नसेल, तर तो सापळा म्हणून सर्वांत गंभीर दोषांत नोंदवावा, कारण त्यापुढचे पान त्या माणसासाठी उरतच नाही.

दिसण्याच्या चाचण्या

अल्पदृष्टी असलेले अनेकजण स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) न वापरता मजकूर मोठा करून वाचतात. ब्राउझरची खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४०० टक्के करावा. तेव्हा पान ३२० पिक्सेल रुंदीत बसल्यासारखे वागते. या अवस्थेत प्रत्येक ओळ वाचण्यासाठी आडवे सरकावे लागू नये. नकाशे आणि मोठे तक्ते यांना यातून सूट आहे. शब्द एकमेकांवर चढतात का आणि बटणे नाहीशी होतात का, हेही याच वेळी दिसते.

रंगांसाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक, मोजणारे साधन वापरावे, डोळ्यांवर विसंबू नये. साध्या आकाराच्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५:१, तर मोठ्या मजकुरासाठी आणि बटणांच्या कडा किंवा चिन्हांसाठी ३:१ हे प्रमाण लागते. रकान्यांमधला फिकट करडा सूचक मजकूर आणि छायाचित्रावर टाकलेली अक्षरे या दोन जागा प्रथम तपासाव्यात. त्यानंतर पडदा कृष्णधवल करून पाहावा. ‘लाल चौकटीतील माहिती दुरुस्त करा’ यासारखी सूचना तेव्हा निरर्थक ठरते.

ध्वनिचित्रफितींबाबत थोडक्यात सांगायचे तर उपशीर्षके आहेत का एवढेच न पाहता ती बरोबर आहेत का हे वाचून पाहावे, कारण यंत्राने आपोआप तयार केलेली उपशीर्षके नेमकी नावे आणि आकडे यांतच घसरतात. केवळ दृश्यातून सांगितलेली माहिती ऐकूनही कळते का, हे पाहावे. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारे काहीही पानावर असू नये. अपस्माराच्या काही रुग्णांना त्यामुळे झटका येऊ शकतो.

कानांनी वाचताना

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, जॉज विकत घ्यावा लागतो, ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक असतो. चाचणीपूर्वी स्वतःला सवय नसेल तर ओळखीच्या आणि चांगल्या बांधणीच्या संकेतस्थळावर सराव करावा. एनव्हीडीएमध्ये एच कळेने शीर्षकांवरून, एफ कळेने अर्जातील घटकांवरून आणि के कळेने दुव्यांवरून उड्या मारता येतात, तर इन्सर्ट आणि एफ७ दाबल्यावर त्यांची यादी समोर येते. त्या यादीत ‘अधिक वाचा’ हेच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आले, तर कोणता दुवा कुठे नेतो हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? चिन्हाचे बटण नुसते ‘बटण’ असे उच्चारले जात असेल तर त्याला नाव दिलेले नाही, असे समजावे.

चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडरने वाचायचे शब्द, असणे पुरेसे नाही. तो त्या जागी उपयोगाचा असावा लागतो. शोधाच्या बटणावरील भिंगाला ‘भिंग’ म्हणणे खरे असले तरी निरुपयोगी आहे; तिथे ‘शोधा’ हवे. निव्वळ सजावटीच्या चित्राचा पर्यायी मजकूर मात्र मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे स्क्रीन रीडर त्याला वगळून पुढे जातो. अर्जात प्रत्येक रकान्यावर पोहोचताच त्याचे लेबल ऐकू आले पाहिजे, आणि चूक झाल्यास कोणत्या रकान्यात काय चुकले हेही उच्चारले गेले पाहिजे.

मराठी मजकुरासाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कोडमध्ये पानाची भाषा चुकीची नोंदवलेली असेल तर चुकीच्या भाषेचा आवाज निवडला जाऊन उच्चार कळेनासे होऊ शकतात. दुसरे म्हणजे, युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती भलत्याच अक्षरांची माळ असते आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. जुन्या पीडीएफमध्ये हा दोष विशेषकरून शोधावा.

साधने आणि माणसे

ॲक्स, वेव्ह आणि लाइटहाउस ही साधने अवश्य चालवावीत. राहून गेलेले पर्यायी मजकूर आणि लेबले ती काही क्षणांत दाखवतात. मात्र पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच यंत्राला कळते, तो बरोबर आहे की नाही हे कळत नाही. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१७ मध्ये मुद्दाम १४० हून अधिक अडथळे असलेले पान तयार करून अशी साधने तपासली, तेव्हा सर्वांत सरस साधनालाही त्यातले सुमारे ४० टक्केच सापडले होते. त्यामुळे लाइटहाउसचे १०० गुण हे सुगम्यतेचे प्रमाणपत्र समजू नये.

डोळस परीक्षक स्क्रीन रीडर चालवतानाही नकळत पडद्याकडे पाहून वाट काढतो. उलट, त्याला गोंधळात टाकणारी गोष्ट सराईत वापरकर्त्याला सहज जमते. म्हणून दिव्यांग व्यक्तींना योग्य मानधन देऊन चाचणीसाठी बोलवावे, त्यांची स्वतःची उपकरणे वापरू द्यावीत, काम सांगून गप्प बसावे आणि ते अडल्यावर लगेच उत्तर सुचवू नये. एका अंध व्यक्तीचा अनुभव सर्व अंधांचा मानू नये, मग कर्णबधिर किंवा वाचन-अक्षमता असलेल्यांचा तर दूरच.

दोष नोंदवताना पान, तिथवर पोहोचण्याच्या पायऱ्या, ब्राउझर व स्क्रीन रीडरची आवृत्ती, प्रत्यक्षात काय घडले आणि काय घडायला हवे होते, हे लिहावे व संबंधित तत्त्वाचा क्रमांक द्यावा. प्राधान्य ठरवताना दोषांची संख्या न मोजता कोणाचे कोणते काम अडते हे पाहावे. पैसे भरण्याचे एक न चालणारे बटण तळटीपेतील वीस फिकट दुव्यांहून आधी दुरुस्त व्हायला हवे. सर्व पानांवर येणाऱ्या मेनूसारख्या घटकातील दोष एकदाच नोंदवावा, कारण तो एकाच जागी सुधारतो. दुरुस्तीनंतर तेच काम पुन्हा पहिल्या पायरीपासून कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरने करून पाहावे, कारण घाईत जोडलेले एआरआयए गुणधर्म (घटकाचे नाव आणि भूमिका स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या कोडमधील खुणा) आधी नीट चालणाऱ्या बटणालाही चुकीचे नाव किंवा चुकीची भूमिका देऊन बसतात.