इंदूरला नवीन आलात आणि फसवणुकीत यूपीआयवरून पैसे गेले, तर

पहिला फोन १९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणूक हेल्पलाइनला करा. घरी नको, खोलीच्या ब्रोकरला नको, आणि आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे वीस जण वीस सल्ले देतात आणि तेवढ्यात पैसे दोन-तीन खाती फिरून एटीएममधून निघूनही जातात. १९३० वर नोंद झाली की रक्कम ज्या खात्यात अजून पडून असेल तिथेच ती अडवता येते. सगळी धडपड त्यासाठी.

ॲपमध्ये तो व्यवहार उघडा. यूटीआर म्हणून बारा आकडी नंबर दिसेल, तो लिहून घ्या. रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि आपला खाते क्रमांकही जवळ ठेवा. फोनवर हिंदी चालते. लाइन लागेना तर सरकारी सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार भरा आणि पावती क्रमांक जपून ठेवा.

लगेच बँक. नंबर कार्डाच्या मागचाच घ्या. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून दुसऱ्यांदा फसलेले कितीतरी आहेत. गावच्या शाखेत जाईपर्यंत थांबू नका. यूपीआय आणि कार्ड फोनवरूनच बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. ही वेळ फार महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, आणि व्यवहाराचा बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजी दिवसांत बँकेला कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, त्यानंतरचा बँकेचा. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं, आणि आपली माणसं नेमकं तेच करतात. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

पोलीस ठाण्यात हिंदीत ‘आवेदन’, म्हणजे लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, एकीवर शिक्का घ्या.

नवीन माणूस हमखास फसतो तो खोलीच्या शोधात. विजयनगर किंवा भंवरकुआँकडची खोली जाहिरातीत दिसते. ‘मालक’ म्हणतो, मी फौजेत आहे, बदली झालीय. हा क्यूआर स्कॅन करा, आधी एक रुपया पाठवा, मग डिपॉझिट तुमच्याच खात्यात परत येईल. स्कॅन केलं की पिनचे चौकोन दिसतात. तिथेच थांबा! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. इथली माणसं मदतीला तत्पर आहेत; शेजारच्या किराणावाल्याला विचारलंत तरी घरमालक खरा की खोटा ते कळतं.

कमिशनच्या बदल्यात कोणी खातं वापरायला मागितलं तर साफ नाही म्हणा, मग तो रूममेट असो की गाववाला. त्या खात्यात चोरीचे पैसे येतात, खातं गोठतं, आणि पोलीस खातेदाराच्या दारी येतात. अनोळखी रक्कम जमा झाली आणि ‘चुकून आली, परत पाठवा’ असा फोन आला, तर स्वतः पाठवू नका. बँकेला लेखी कळवा, परत करायचं ते बँकेमार्फतच करा.