ठाणे-नवी मुंबईहून जे.जे.चा कलासंग्रह पाहायला जाताना

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. चित्रकार म. वि. धुरंधर इथेच शिकले आणि इथेच त्यांनी शिकवलं. गायतोंडे, रझा, तय्यब मेहता हे चित्रकारही इथलेच विद्यार्थी. पण विद्यापीठाचा कलासंग्रह मुळात शिकण्या-शिकवण्यासाठी जमवलेला असतो. त्यातलं थोडंच भिंतीवर असतं, उरलेलं कोठारात. म्हणून तिकीट काढून आत जाण्याच्या तयारीने निघू नका, आधी पत्र पाठवा.

दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून कार्यालयाला लिहा: किती जण, कोणता दिवस, काय पाहायचंय, कशासाठी. ‘संग्रह पाहायचा आहे’ एवढ्यावर उत्तर रेंगाळतं. ‘धुरंधरांची जलरंगचित्रं पाहायची आहेत’ असं लिहिलं, की नेमकं काय बाहेर काढायचं हे सांभाळणाऱ्याला कळतं. चित्राचा दाखल क्रमांक (संग्रहाच्या नोंदवहीतला त्याचा क्रमांक) ठाऊक असेल तर तो जरूर द्या. परीक्षा, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी टाळा. पहिल्यांदाच जात असाल तर विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनाची वेळ साधा. आज तिथे काय चाललंय ते एका फेरीत दिसतं.

कामाचा वार निवडा. रविवारी कार्यालय बंद, वर मेगाब्लॉक. ठाण्याहून फास्ट लोकल, वाशी-नेरूळ-पनवेलहून हार्बर. दोन्ही सीएसएमटीलाच संपतात आणि पुढे चालत काही मिनिटं. फोटो असलेलं ओळखपत्र आणि परवानगीचं उत्तर जवळ ठेवा. पावसाळ्यात ओली छत्री दारातच सोडा. दमटपणाने कागदावर बुरशी धरते.

आत पोचलात की पहिली पाच मिनिटं नुसती डोळे सरावायला द्या. कागदावरच्या कामांवर प्रकाश मुद्दाम मंद, साधारण ५० लक्स (प्रकाश मोजायचं एकक) ठेवतात, कारण जलरंग उडाला की परत येत नाही. फ्लॅश बंदच. पाठीवरची सॅक पुढे घ्या. वळताना तीच फ्रेमला लागते. नोंदी पेन्सिलीने करा, शाईचा डाग निघत नाही.

सगळी चित्रं पाहण्याचा हट्ट सोडा. पाच-सहा निवडा. प्रत्येक चित्र आधी त्याच्या कर्णाच्या दीडपट अंतरावरून पाहा, मग जवळ जाऊन कागदाचा पोत, पेन्सिलीची खालची रेघ, दुरुस्त केलेली कडा शोधा. जलरंगात पांढरा भाग बहुतेकदा कोरा सोडलेला कागद असतो. तैलरंगाकडे किंचित बाजूने पाहिलंत तर कुंचल्याचे उंचवटे दिसतात. लेबलवर माप लिहिताना सहसा उंची आधी, रुंदी नंतर. दाखल क्रमांक टिपून घ्या, पुढच्या भेटीचं पत्र त्यावरच लिहाल.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींची आशा धरून पुष्कळ जण येतात. इथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून त्या करवून घेतल्या खऱ्या, पण त्या लंडनला गेल्या आणि बऱ्याचशा तिथल्या १८८५ च्या आगीत जळाल्या.

फोटो काढायची परवानगी मिळाली तरी तो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी वेगळं विचारा. आपल्याकडे चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क संपला आहे. शेजारच्या भिंतीवर जिचं चित्र आहे त्या विद्यार्थिनीचा मात्र शाबूत आहे. तिची परवानगी घ्या आणि फोटोखाली तिचं नाव लिहा.