गोलांचा तक्ता आणि बर्फावरचे पाय : ज्युनिअर आइस हॉकीपटूंची तुलना करताना या चुका टाळा

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक आइस हॉकी लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, जवळ आला की टोरंटो परिसरातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्ते फिरायला लागतात. डावीकडे मुलाचं नाव, मग सामने, गोल, असिस्ट (दुसऱ्याच्या गोलआधी दिलेला पास) आणि शेवटच्या रकान्यात 'स्केटिंग : १० पैकी ८'. ते ८ कुठून आले, हे कुणीच सांगत नाही. गेली पंधरा वर्षं मी ओंटारियोच्या ज्युनिअर लीगचे, म्हणजे ओएचएलचे सामने स्टँडमध्ये कुडकुडत बघतोय. त्याच त्या चुका वाचून आता राहवत नाही, म्हणून लिहितोय.

नुसते पॉइंट मोजणं

२०१४-१५ चा ओएचएलचा मोसम घ्या. एक गोल किंवा एक असिस्ट म्हणजे एक पॉइंट. डिलन स्ट्रोम १२९ पॉइंट, मिच मार्नर १२६, कॉनर मॅकडेव्हिड १२०. तक्ता एवढाच असेल तर स्ट्रोम पहिला. पण स्ट्रोम ६८ सामने खेळला, मार्नर ६३ आणि हाताचं हाड मोडल्यामुळे बरेच सामने बाहेर बसलेला मॅकडेव्हिड फक्त ४७. एका सामन्याला सरासरी काढली तर स्ट्रोम १.९०, मार्नर २.००, मॅकडेव्हिड २.५५. क्रम बरोबर उलटा झाला. शिवाय स्ट्रोम आणि मॅकडेव्हिड एकाच संघात होते, ईरी ऑटर्समध्ये. समोरचा संघ कुणाला अडवायला आपले सर्वांत चांगले खेळाडू उतरवत असेल, याचाही विचार करायला हवा. स्ट्रोम पुढे एनएचएलमध्ये चांगला स्थिरावला, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याला वेळ लागला, आणि सुरुवातीपासून शंका होती ती त्याच्या पायांबद्दल, म्हणजे स्केटिंगबद्दल.

माझी सवय सांगतो. पॉइंट दिसले की मी त्यातून पॉवर प्लेचे आधी वेगळे काढतो. समोरचा एक माणूस दंड भोगत बाहेर बसलेला असताना केलेला गोल आणि पाचांविरुद्ध पाच असताना केलेला गोल यांना एकाच पारड्यात टाकता येत नाही. मग असिस्ट बघतो. एका गोलवर दोघांना असिस्ट मिळू शकतो. त्यातला दुसरा कधी कधी आपल्याच भागातून सहज सरकवलेल्या पकचा (खेळातल्या रबरी चकतीचा) असतो. हे सगळं करायला अर्धा तास लागतो. तेवढाही वेळ नसेल, तर मुलांच्या नावापुढे क्रमांक लिहू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

जन्मतारीख न बघणं

ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६ मध्ये टोरंटोने त्याला पहिला घेतला. उलट २०१५ मध्ये मॅकडेव्हिडच्या पाठोपाठ दुसरा गेलेला जॅक आयकल ऑक्टोबर १९९६ चा. म्हणजे एकाच ड्राफ्टमधली दोन मुलं जवळजवळ वर्षाच्या अंतराची असू शकतात, आणि सतराव्या वर्षी एवढ्या अंतरात खांदे आणि मांड्या बदलून जातात.

आपल्या लोकांना जवळचं उदाहरण हवं असेल तर व्हँकुव्हरजवळच्या सरेचा अर्शदीप बैन्स. २०२१-२२ मध्ये ११२ पॉइंट करून तो पश्चिमेकडच्या ज्युनिअर लीगमध्ये, डब्ल्यूएचएलमध्ये, पहिला आला. एनएचएलच्या व्हँकुव्हर संघाने त्याला करार दिला आणि आम्ही इथे पेढे वाटले. पण त्याच्या आधी त्याला कुणीही ड्राफ्ट केलं नव्हतं आणि त्या मोसमात तो या लीगच्या वयोमर्यादेच्या टोकाला होता. त्याचे ११२ आणि सतरा वर्षांच्या मुलाचे ११२ यांची तुलना करणं दोघांवरही अन्याय आहे.

'फास्ट आहे' म्हणजे स्केटिंग चांगलं

ही चूक माझ्या सर्वांत जिव्हारी लागलेली, कारण तिची किंमत एका लहान मुलाने मोजली.

काही वर्षांपूर्वी मी दोन सोळा-सतरा वर्षांच्या फॉरवर्डची वही ठेवली होती. पहिला सरळ रेषेत बाणासारखा सुटायचा आणि त्याचे गोल दुसऱ्याच्या दुप्पट. मी ग्रुपवर लिहून टाकलं : वेग पहिल्याचा, शॉट पहिल्याचा, विषय संपला. माझ्या एका मित्राने ते फार मनावर घेतलं. त्याचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. बापाने त्याचा स्केटिंगचा वर्ग बंद केला आणि उन्हाळाभर गॅरेजमध्ये रोज शेकडो शॉट मारायला लावले.

त्या हिवाळ्यात मी त्या दोन फॉरवर्डचे पाच सामने प्रत्यक्ष जाऊन पाहिले. पहिल्याने चार गोल केले. चारही पॉवर प्लेवर, चारही डाव्या वर्तुळातल्या एकाच जागेवरून. पाचांविरुद्ध पाच असताना बचावपटू त्याला नुसता भिंतीकडे ढकलायचा, कारण त्याला दिशा बदलायला तीन पावलं लागायची. दुसरा फॉरवर्ड मात्र पक येण्याआधी खांद्यावरून मागे बघायचा, ब्लू लाइन (समोरच्या संघाचा भाग सुरू होतो ती रेषा) ओलांडताच वेग तोडायचा, आणि बचावपटू मागे सरकला की मधल्या जागेतून पास काढायचा. त्याचा गोल क्वचितच व्हायचा, पण गोल होण्याची संधी प्रत्येक शिफ्टला, म्हणजे बर्फावर उतरण्याच्या प्रत्येक पाळीला.

मित्राच्या मुलाची निवड चाचणी आधीच होऊन गेली होती. तो वगळला गेला होता. मला पार्किंगमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, "काका, माझा शॉट सगळ्यात हार्ड होता. पण मला डावीकडे वळता येत नाही." स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, मधे खोलगट चर. डावीकडे क्रॉसओव्हर घेताना, म्हणजे वळताना उजवा पाय डाव्यावरून टाकताना, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर अंग झोकून द्यावं लागतं. त्या कडेवर त्याचा भरवसाच नव्हता, आणि तो बसवायचा वर्ग आम्ही बंद केला होता. त्यानंतर मी ग्रुपवर कुणालाही क्रमांक दिलेला नाही.

म्हणून आता मी स्केटिंग बघताना पहिली तीन पावलं बघतो, दोन्ही बाजूंचे क्रॉसओव्हर बघतो, आणि पक स्टिकवर असताना वेग किती घटतो ते बघतो. मॅकडेव्हिड मधल्या भागातून येताना सरळ ढकलत नाही, क्रॉसओव्हरवर क्रॉसओव्हर घेत वेग साठवतो. बचावपटूला तो कुठल्या बाजूने जाणार तेच कळत नाही. घड्याळ लावून मारलेल्या एका फेरीत हे दिसत नाही. तिथे ना पक असतो, ना अंगावर येणारा माणूस.

आज आहे तेच स्केटिंग कायमचं समजणं

ब्रेडन पॉइंटने ड्राफ्टच्या मोसमात ९१ पॉइंट केले, तरी उंची आणि स्केटिंगच्या शंकेमुळे तो २०१४ मध्ये ७९ वा गेला. पुढे त्याने बार्ब अंडरहिल यांच्याकडे पायांवर काम केलं. त्या १९८४ च्या पेअर फिगर स्केटिंगच्या जगज्जेत्या. टॅम्पा बेने २०२० आणि २०२१ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा पॉइंट त्यांचा मुख्य सेंटर (मधला फॉरवर्ड) होता. जेसन रॉबर्टसनलाही स्केटिंगवरूनच २०१७ मध्ये ३९ व्या क्रमांकापर्यंत थांबावं लागलं. २०२२-२३ मध्ये त्याने डॅलससाठी १०९ पॉइंट केले. मी मुलाला निदान दोन हिवाळे बघतो आणि पहिल्या वर्षीची टिपणं दुसऱ्या वर्षी उघडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. हायलाइट्सवरून मत बनवू नका. त्यात हुकलेले पास नसतात. वेगवेगळ्या लीगचे आकडे शेजारी मांडू नका : एलियास पेटरसनने २०१७-१८ मध्ये स्वीडनच्या मोठ्यांच्या लीगमध्ये ४४ सामन्यांत ५६ पॉइंट केले, ते ज्युनिअरमधल्या शंभरापेक्षा मला मोठे वाटतात. युरोपातला रिंक जुन्या मापाने ३० मीटर रुंद, इथला साधारण २६. तिथे मिळणारी मोकळी जागा इथे मिळेलच असं नाही.

आणि तिकीट काढताना काचेलगतची जागा घेऊ नका. कोपऱ्यात, वरच्या रांगेत बसा. पहिल्या दोन-तीन शिफ्ट पककडे बघूच नका. ज्या मुलासाठी आलात त्याच्या गुडघ्यांकडे आणि घोट्यांकडे बघा. वही आणि पेन्सिल न्या. थंडीत बॉलपेन चालत नाही.